गाडीच्या दाराची काच घरपोच बदलताना

मोटारीच्या पुढच्या काचेवर खडा उडाला तर तिला तडा जातो आणि तो तडा घेऊन गाडी महिनाभरही फिरते. दाराच्या काचेला अशी सवलत नाही. ती एक तर शाबूत असते, नाही तर नसतेच. चोराने फोडली, गल्लीतल्या पोरांचा चेंडू लागला, गवत कापायच्या यंत्राखालून खडा उडाला किंवा पार्किंगमध्ये कुणाच्या दुचाकीचा हँडल जोरात आपटला, तरी दृश्य तेच दिसते: सीटवर, पायाखालच्या मॅटवर, रस्त्यावर आणि दाराच्या पोटात काचेचे दाणेच दाणे. अशी उघडी गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेण्याऐवजी कारागिरालाच काच घेऊन घरी किंवा ऑफिसच्या आवारात बोलावण्याची सोय आता मोठ्या शहरांत मिळते. काम साधारण तासा-दीड तासाचे असते. त्यातला काच बसवण्याचा भाग सोपा. कस लागतो तो आधी नेमकी काच मागवताना आणि नंतर दार पुन्हा पहिल्यासारखे मिटवताना.

दाणे का होतात

पुढची काच दोन पातळ काचांची असते आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा चिवट पापुद्रा असतो. काच फुटली तरी तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहतात. दाराची काच बहुतेक गाड्यांत एकसंध असते, पण तिला ताव दिलेला असतो. आकाराला कापलेली काच भट्टीत सव्वासहाशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात आणि बाहेर काढताच दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारतात. पृष्ठभाग आधी थिजतो, गाभा मागाहून. मागाहून थंड होणारा गाभा आकसू पाहतो आणि आधीच घट्ट झालेल्या पृष्ठभागाला आत ओढून धरतो. पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा कायमचा ताणाखाली. हीच टेम्पर्ड किंवा टफन्ड काच.

दाबाखालचा पृष्ठभाग सहजासहजी चिरत नाही. म्हणून ही काच तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते आणि दार धाडकन आपटले तरी तिला काही होत नाही. मात्र एखादे टोक दाबाचा थर भेदून ताणाच्या गाभ्यापर्यंत पोचले, की तिथून निघालेली चीर सेकंदाला सुमारे दीड किलोमीटरच्या वेगाने फाटे फोडत सगळ्या काचेत पसरते. भरलेला ताण एकदम मोकळा होतो आणि सुऱ्यासारख्या लांब ढलप्यांऐवजी बोथट कडांचे दाणे पडतात. ही जादू सतराव्या शतकापासून लोकांना ठाऊक होती. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला, की गोल डोक्याचे आणि बारीक शेपटीचे एक खेळणे तयार होई. त्याचे डोके हातोडीला दाद देत नसे, पण शेपटी मोडली की सगळ्याचा भुगा होई. या युक्तीची व्यवहारी काच करण्याचे पेटंट फ्रान्सच्या द ला बास्ती यांनी १८७४ मध्ये घेतले. तापलेली काच ते तेलाच्या हौदात बुडवत.

दाणे किती पडावेत यालाही नियम आहे. वाहनांच्या काचेसाठी युरोपात आणि इतर अनेक देशांत चालणारी संयुक्त राष्ट्रांची आर-४३ ही नियमावली सांगते, की फुटलेल्या काचेच्या ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटर चौकोनात किमान ४० तुकडे असलेच पाहिजेत. कमी तुकडे म्हणजे मोठे तुकडे, आणि मोठे तुकडे म्हणजे जखम. साधारण ८० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर उंच काचेला हा हिशोब लावला तर एका दाराचे किमान पावणेसहा हजार तुकडे होतात. साडेतीन मिलिमीटर जाडी धरली तर वजन भरते तीन किलोच्या आसपास. घरपोच काम करायला आलेला कारागीर निम्मा वेळ खाली वाकून का असतो, ते या आकड्यांवरून कळते.

ताव दिलेल्या काचेचा आणखी एक गुण ग्राहकाला थेट भोवतो. तिला नंतर कापता येत नाही, घासून लहान करता येत नाही, भोकही पाडता येत नाही. करवत टेकली, की दाणे. आकार, गोलाई, भोके, सगळे भट्टीत जाण्यापूर्वीच ठरलेले असते. त्यामुळे दाराशी आलेल्या कारागिराजवळची काच दोन मिलिमीटरने चुकली तरी तो ती आल्या पावली परत नेतो. हातोटीने जमवून घेण्याजोगे हे काम नाही.

फोनवर काय सांगावे

म्हणून पहिल्या फोनला मोल आहे. नुसते ‘मागच्या दाराची काच फुटली’ एवढ्यावर काच येत नाही. गाडीचे मॉडेल, उत्पादनाचे वर्ष, व्हेरिएंट आणि सतरा अक्षर-अंकांचा चॅसी क्रमांक सांगावा लागतो. हा क्रमांक नोंदणीच्या कागदावर, म्हणजे आरसीवर, छापलेला असतो. एकाच नावाच्या गाडीची मधल्या वर्षी नवी पिढी आलेली असते आणि दोन पिढ्यांच्या काचा बाहेरून सारख्या दिसल्या तरी एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

बाजू सांगताना घोटाळा हमखास होतो. गाडीसमोर उभे राहून ‘डावीकडची’ म्हणणारा माणूस सीटवर बसलेल्याची उजवी बाजू सांगत असतो. गॅरेजच्या बोलीत यावर पक्का तोडगा आहे: ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’. क्लीनर ट्रकचा असला तरी शब्द अल्टोलाही लागतो आणि चुकत नाही. परदेशी संकेतस्थळावरून काच मागवणाऱ्याने मात्र जपावे. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो.

यानंतर रंग आणि प्रकार. बहुतेक काचा किंचित हिरवट असतात. काही गाड्यांत मागच्या दारांना कारखान्यातूनच गडद काच येते. महागड्या गाड्यांत आवाज कमी व्हावा म्हणून पुढच्या दारांनाही पापुद्र्याची दुहेरी काच असते. ती ओळखायला शेजारच्या दाराची काच अर्धी खाली करून तिची वरची कड न्याहाळावी. दोन काचांमधली बारीक रेघ दिसली तर काच दुहेरी. अशी काच फुटल्यावर दाणे पडत नाहीत, जाळी होऊन जागेवर राहते. ती महाग असते आणि बहुधा मागवूनच घ्यावी लागते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे फोटो. शाबूत असलेल्या समोरच्या दाराच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात एक छाप कोरलेला असतो. त्यात उत्पादकाचे नाव, टेम्पर्ड आहे की लॅमिनेटेड ते, भारतीय मानक आयएस २५५३ चा उल्लेख आणि बऱ्याचदा उत्पादनाचे वर्ष-महिना सांगणारे अंक किंवा ठिपके असतात. फुटलेल्या दाराचा एक फोटो आणि या छापाचा एक फोटो पाठवला, की फोनवरची बहुतेक प्रश्नोत्तरे वाचतात.

काच कुठून येणार हेही विचारावे. महाराष्ट्रात या मालाची वाट लांबची नाही. सेंट-गोबेन सेक्युरिटचे कारखाने पुण्याजवळ चाकणला आणि भोसरीला आहेत, आणि असाही इंडिया ग्लासचा सपाट काचेचा कारखाना तळोज्याला आहे. गाडीच्या कंपनीच्या वेष्टनात येणारी काच आणि त्याच उत्पादकाची खुल्या बाजारातली काच यांत बहुधा फरक असतो तो कंपनीच्या शिक्क्याचा आणि किमतीचा. तिसरा मार्ग कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याची नाना पेठ यांसारख्या बाजारांचा. जुन्या, बंद पडलेल्या मॉडेलची काच अशाच ठिकाणी मिळते, आणि ती दुसऱ्या गाडीतून काढलेली असली तरी कारखान्याचीच असेल तर तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. कडेला टवका उडालेला नाही एवढे पाहावे. टेम्पर्ड काचेची कड ही तिची दुखरी जागा असते.

कारागीर येईपर्यंत

काच मिळायला कधी दोन तास लागतात, कधी दोन दिवस. मधल्या काळात लोक ज्या चुका करतात त्या जवळजवळ ठरलेल्या आहेत. पहिली चूक खिडकीचे बटण दाबून पाहण्याची. काच नसली तरी तिला उचलणारी यंत्रणा, जिला गॅरेजमध्ये नुसते ‘मशीन’ म्हणतात, दाराच्या आत शाबूत असते. तिच्या तारांत आणि रुळांत दाणे अडकलेले असतात. बटण दाबले की ते दाणे तारेखाली भरडले जातात, आणि काचेच्या खर्चात मशीनचा खर्च मिळतो. दुसरी चूक दार आपटण्याची. रबरात अडकून राहिलेले काचेचे तुकडे त्या धक्क्याने आणखी आत पडतात. तिसरी चूक हाताने दाणे गोळा करण्याची. दाणे बोथट असतात हे खरे, पण त्यांच्यात सुईसारखी बारीक कुसळेही असतात आणि ती बोटात शिरली की दिसत नाहीत.

खिडकी झाकायला जाड प्लॅस्टिक घ्यावे आणि ते दाराच्या चौकटीच्या आत दुमडून दार हळूच लावावे. म्हणजे चिकटपट्टी कमी लागते. खोकी चिकटवायची तपकिरी पट्टी उन्हात तापलेल्या रंगावर लावली तर काढताना गोंद मागे राहतो, आणि एखाद्या जुन्या, पुन्हा रंगवलेल्या दाराचा रंगही उचकटतो. रंगाऱ्यांची कागदी मास्किंग टेप बरी. असे झाकण लावून गाडी चालवायचीच वेळ आली तर सावकाश जावे. वेग वाढला की प्लॅस्टिक फडफडून सुटते आणि त्या बाजूच्या आरशातले काही दिसत नाही.

चोरी झाली असेल तर साफसफाईच्या आधी फोटो काढावेत आणि पोलिसांत तक्रार नोंदवावी. विम्याचा दावा करायचा असेल तर तिची प्रत लागते. गाडीत लॅपटॉपची बॅग होती की नव्हती हा प्रश्न पोलीसही विचारतात आणि विमा कंपनीही. मोटारीच्या सर्वसाधारण पॉलिसीत काचेची भरपाई असते, गाडीत ठेवलेल्या चीजवस्तूंची नसते.

कामाला जागा फार लागत नाही, पण दार पूर्ण उघडता आले पाहिजे. इमारतीच्या खांबाला घासून उभी केलेली गाडी आधी पुढे-मागे करून ठेवावी. सोसायटीच्या गेटवर वॉचमनला नाव सांगून ठेवावे. बाहेरच्या माणसाला आत येऊन ‘काम’ करायला सोसायटीची ना असेल तर ती आदल्या दिवशी कळलेली बरी. व्हॅक्यूमसाठी विजेचा पॉइंट जवळ आहे का ते पाहावे. छप्पर हवे, निदान सावली तरी. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हे चार महिने उघड्यावरचे काम पावसाच्या मर्जीवर चालते, आणि उघडलेल्या दारात स्विच, मोटार आणि स्पीकरच्या वायरी असतात.

दाराच्या पोटात

कारागीर आल्यावर सर्वांत आधी नवी काच खोक्यातून काढून तिचा छाप, रंग आणि आकार मालकासमोर पडताळतो. निदान तसे करायला हवे. दार उघडून ठेवल्यानंतर काच चुकीची निघाली, तर मालकाची अर्धी गाडी खोललेली आणि कारागिराचा पुढचा ग्राहक ताटकळलेला, अशी दोघांचीही पंचाईत होते. मग हातमोजे आणि चष्मा चढवून तो सीटवर चादर टाकतो आणि ढोबळ दाणे उचलतो.

दाराची आतली बाजू म्हणजे डोअर पॅड. ते काढायला दोन-तीन स्क्रू असतात आणि ते मुद्दाम लपवलेले असतात. एक हँडलच्या कपात रबराखाली, एक कुलूप उघडायच्या खटक्याच्या मागे, कधी एक आरशाच्या तिकोनी झाकणाखाली. स्क्रू काढल्यावर पॅड कडेच्या प्लॅस्टिक क्लिपांवर बसलेले राहते. अनुभवी माणूस चपटी प्लॅस्टिकची पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ सरकवून एकेक क्लिप टक-टक सोडवतो. नवखा स्क्रू ड्रायव्हर घालून पॅड ओढतो, क्लिपा मोडतात आणि पुढे खराब रस्त्यावर ते दार आयुष्यभर खडखडते. कारागिराच्या पेटीत सुट्या नव्या क्लिपांची पुडी असेल तर माणूस जाणता आहे असे खुशाल समजावे.

पॅड निघाले, की मागे पातळ प्लॅस्टिकचा किंवा फोमचा एक पडदा दिसतो. काळ्या, कधीही न वाळणाऱ्या चिकट दोरीने तो दाराच्या पत्र्याला चिकटवलेला असतो. या पडद्याला सगळ्या कामात सर्वांत कमी मान मिळतो आणि तोच सर्वांत उपयोगाचा असतो. पावसाचे पाणी काचेवरून ओघळत दाराच्या पोटात उतरते. ते उतरणारच, दाराची रचनाच तशी आहे. पत्र्याच्या तळाशी ठेवलेल्या फटींतून ते बाहेर पडते. पाणी पोटातून गाडीच्या आतल्या बाजूला येऊ नये याची राखण हा पडदा करतो. तो घाईने फाडला किंवा परत नीट चिकटवला नाही, तर काच झकास बसूनही पहिल्या मोठ्या पावसात पायाखालची मॅट ओली होते, आणि मालक बिचारा नव्या काचेला दोष देतो. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोटातला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्यालाही दार पूर्वीसारखे बंद असावे लागते. म्हणून अशा गाडीचे पॅड उघडे असताना इग्निशन चालू ठेवत नाहीत.

पडदा बाजूला झाला की पोट दिसते: आडवी लोखंडी दांडी, मशीनचे रूळ, मोटार, कुलपाच्या तारा आणि तळाला काचेचा ढीग. व्हॅक्यूमची बारीक नळी आत घालून दाणे ओढून घ्यायचे, दारावर मुठीने ठोकायचे, पुन्हा ओढायचे. हे तीन-चार वेळा करावे लागते. तळाच्या फटी मोकळ्या झाल्या का ते तारेने किंवा थोडे पाणी सोडून पाहावे लागते. दाण्यांनी फटी बुजल्या तर पाणी दारात साचते. वळणावर आतून पाण्याचा डुचमळ आवाज यायला लागतो आणि पत्रा आतून गंजतो. कोकणातल्या गाडीला हे सांगायची गरज नाही. फुटलेली काच मशीनला जिथे पकडलेली होती त्या चिमट्यांतही जुन्या काचेची एक पट्टी उरलेली असते. तीही निघाली पाहिजे.

त्यानंतर रबरे पाहतात. खिडकीच्या चौकटीत काच ज्या खोबणीतून सरकते तिला चॅनल रबर म्हणतात, आणि खाली काचेला आतून-बाहेरून पुसत राहणाऱ्या दोन पट्ट्यांना बीडिंग. त्यांच्या मखमली लवेत कुसळे रुतून बसलेली असतात. ती तशीच राहिली तर नवी काच पहिल्या आठवड्यातच उभ्या ओरखड्यांनी भरते. रबर कडक झाले असेल, कोपऱ्यात फाटले असेल, तर ते याच वेळी बदलून घ्यावे. दार उघडायची मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही.

आता खुद्द काच. बाहेरच्या बाजूने ती तिरपी करून, पुढचे टोक खाली झुकवून बीडिंगमधून दाराच्या पोटात सोडतात आणि आत सरळ करतात. दोन हातांत तोललेली तीन किलोची काच, कडेला न टेकवता, पत्र्याच्या फटीतून फिरवून खाली नेणे हे पाहायला सोपे वाटते. काचेची भोके मशीनच्या चिमट्यांसमोर आली की प्लॅस्टिकच्या बुशा मध्ये ठेवून बोल्ट लावतात, पण आधी सैलच. काच हळूहळू पूर्ण वर नेतात, चॅनलमध्ये दोन्ही बाजूंनी सारखी शिरते का ते पाहतात आणि मग बोल्ट आवळतात. आवळायचे तेही बेताने. काचेवर थेट जोर आला तर बोल्टच्या शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात नवीकोरी काच दाण्यांत जमा होते. असा प्रसंग घडला तर तो कारागिराच्या खात्यात, मालकाच्या नाही. हे आधी बोलून ठेवलेले बरे.

एका बोटाने वर जाणाऱ्या काचेत, मध्ये हात आला तर थांबण्याची सोय असते. काच किंवा मशीन काढल्यावर काही गाड्यांत ही सोय आपली वरची-खालची हद्द विसरते. काच वर टेकते आणि आपोआप खाली येते. यात बिघाड काही नसतो. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच दाबून धरले, की यंत्रणा हद्द पुन्हा शिकते. नेमकी कृती गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेली असते. ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये न उघडता पडलेली असते, ती यानिमित्ताने उघडली जाते.

मग उलटा प्रवास: पडदा, वायरींचे जोड, पॅड, क्लिपा, स्क्रू. शेवटी गाडीच्या आतली सफाई. सीटच्या रुळात, पट्ट्याच्या कुलपात, हँडब्रेकच्या फटीत आणि लहान मुलांच्या सीटच्या शिवणीत दाणे दडतात. मुलांची सीट गाडीबाहेर काढून, तिचे कापड सोडवून झटकलेली बरी. पट्ट्याच्या कुलपात दाणा राहिला तर पट्टा नीट अडकत नाही. एवढे करूनही सहा महिन्यांनी एखादा दाणा मॅटखाली सापडतोच.

न सरकणाऱ्या काचा

मागच्या दारातली छोटी तिकोनी काच किंवा मागच्या सीटच्या बाजूची स्थिर काच फुटली असेल तर काम वेगळे. तिकोनी काच बऱ्याच गाड्यांत रबरात बसवलेली असते आणि मधला खांब सैल करून निघते. बाजूची स्थिर काच मात्र पुष्कळदा पत्र्याला पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवलेली असते. जुना गोंद पात्याने एकसारखा तासायचा, उघडा पत्रा दिसला तर प्रायमर लावायचा, नवी रेघ सोडायची आणि काच दाबून बसवायची. हा गोंद हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो, तरी चिकटवताना पृष्ठभाग कोरडाच लागतो. दाराच्या सरकत्या काचेचे काम संपताच गाडी घेऊन जाता येते. इथे तसे नाही. किती वेळ थांबायचे ते गोंदाच्या नळकांड्यावर लिहिलेले असते आणि कारागिराने ते सांगायला हवे. पहिला दिवसभर एखादी दुसरी खिडकी बोटभर उघडी ठेवावी, म्हणजे दार लावताना आतल्या हवेचा धक्का ओल्या गोंदाला बसत नाही. गाडी धुण्याच्या केंद्रात तर त्या दिवशी मुळीच नेऊ नये.

पैसे देण्यापूर्वी

काच तीन-चार वेळा वर-खाली करावी. ती एकसारख्या गतीने जायला हवी, मध्ये तिरकी होता कामा नये. त्या दाराचे कुलूप, आतले-बाहेरचे हँडल, आरशाचे बटण, स्पीकर, सगळे चालवून पाहावे. पॅड काढताना निघालेली एखादी वायर परत जोडायची राहते, आणि ती त्याच वेळी लक्षात आली तर पाच मिनिटांचे काम असते. पाण्याचा पाइप मिळाला तर काचेवर वरून पाणी सोडावे आणि आतून कोरडे राहते का ते पाहावे. वाऱ्याची शिट्टी मात्र उभ्या गाडीत कळत नाही. ती ऐकायला ताशी साठ-सत्तरचा वेग लागतो. म्हणून बिलावर काच, मजुरी आणि कामाची हमी किती दिवसांची हे लेखी असावे.

काळ्या फिल्मचा प्रश्न याच वेळी निघतो. जुन्या काचेवर फिल्म होती, नवी काच कोरी आली, आता चार खिडक्यांचा रंग जुळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल देताना काचेवर कोणतीही फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियमात बदल होऊन २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा व्यापक शब्द आला, आणि त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला मुभा असल्याचा निर्वाळा दिला. नाक्यावरच्या हवालदारापर्यंत हा निर्वाळा पोचला असेलच असे नाही. काच बदलायला आलेल्या कारागिराकडून घाईघाईत फिल्म लावून घेण्यापेक्षा कोरी काच परवडली.

विम्याचा हिशोब तर कागदावर मांडूनच करावा. काचेच्या भागांवर घसारा शून्य धरला जातो, ही मालकाच्या बाजूची गोष्ट. पण सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये असते, ती खिशातून जाते. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. तो वर्षागणिक २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तिथवर पोचायला दावा न करता पाच वर्षे काढावी लागतात. समजा, गाडीच्या नुकसानीचा भाग म्हणून मूळ हप्ता ८,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के. एका दाव्याने पुढच्याच वर्षी ४,००० रुपये जास्त भरावे लागतील, आणि त्यानंतरही काही वर्षे थोडे थोडे. साध्या हॅचबॅकच्या एका काचेसाठी दावा करणे बहुधा घाट्याचे ठरते. दुहेरी काच असेल, मशीन मोडले असेल किंवा बोनस राखण्याची जोड पॉलिसीला घेतलेली असेल तर गणित बदलते. दावा करायचाच असेल तर कंपनीला काम सुरू होण्याआधी कळवावे. दाराशी आलेला कारागीर कंपनीच्या यादीतला नसला तर आधी स्वतः पैसे भरून नंतर बिल सादर करावे लागते, आणि न कळवता बदललेल्या काचेचे बिल कंपनी नाकारू शकते.

कारागीर गेल्यावर मागे उरतो तो तीन किलो दाण्यांचा ढीग. तो त्याने घेऊन जावा असे आधीच ठरवलेले उत्तम. तो राहिलाच तर घरच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नये. ती पिशवी पुढे कुणीतरी उघड्या हाताने उपसणार असते. नवी काच ज्या खोक्यातून आली त्यातच दाणे भरावेत, खोके चिकटपट्टीने बंद करावे, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहावे आणि कचरावेचक ताईंच्या हातात वेगळे द्यावे.